पिकअपला व्हील स्पेसर बसवावेत का, आणि बसवायचेच असल्यास कोणते?

घाटवाट

माझ्याकडे टोयोटा हायलक्स आहे. गाडीचे मूळ टायर २६५/६५ आर १७ या मापाचे होते. ते झिजल्यावर मी २८५/६५ आर १७ मापाचे ऑल-टेरेन टायर घेतले, कारण शेतावर जाण्याचा रस्ता पावसाळ्यात फार चिखलाचा होतो. चाके मूळचीच आहेत, म्हणजे ७.५ इंच रुंद आणि ३० ऑफसेटची (चाकाचे बसण्याचे तोंड त्याच्या मध्यरेषेपासून ३० मिलिमीटर बाहेर). आता स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यातून गाडी काढली की पुढच्या बाजूने घासल्याचा आवाज येतो. टायरवाल्याने स्पेसर, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्यामध्ये घालून चाक बाहेर सरकवणारे तुकडे, सुचवले असून तीन पर्याय पुढे ठेवले आहेत : ५ मिलिमीटरची साधी चकती, स्वतःचे स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते आट्यांचे दांडे) असलेला २५ मिलिमीटरचा स्पेसर, आणि तसाच ३८ मिलिमीटरचा, जो त्याच्या मते गाडीला सर्वांत जास्त शोभेल. मला शोभेपेक्षा घासणे थांबण्याशी कर्तव्य आहे. गाडीत कधी कधी अर्ध्या टनापर्यंत माल असतो आणि घाटातून नियमित जाणे असते. या तिन्हींपैकी काय निवडावे, आणि बसवताना कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.

मापाड्या

स्पेसर कोणता घ्यावा याच्याही आधी, टायर नेमका कुठे घासतो हे तुम्ही पाहिले आहे का? आवाज येतो एवढ्यावरून निर्णय करू नये.

हिशेब असा आहे. टायरची रुंदी २६५ वरून २८५ झाली, म्हणजे एकूण २० मिलिमीटर वाढ. ती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, म्हणून आतल्या बाजूला १० मिलिमीटर जागा कमी झाली. टायरचा एकूण व्यास मात्र ७७६ वरून ८०२ मिलिमीटरवर गेला, म्हणजे त्रिज्या १३ मिलिमीटरने वाढली. आता घासणे रुंदीमुळे होत असेल, तर खूण टायरच्या आतल्या खांद्यावर आणि वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला धरून ठेवणाऱ्या सस्पेंशनच्या दांड्यावर) दिसेल. घासणे त्रिज्येमुळे होत असेल, तर खूण मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिक अस्तरावर, बहुधा चाकाच्या मागच्या बाजूला, दिसेल. पहिल्या प्रकारात स्पेसरचा उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारात स्पेसरने त्रास वाढतो, कारण चाक जितके बाहेर जाते तितका वळताना त्याचा फिरण्याचा घेर मोठा होतो आणि टायर अस्तरावर अधिक जोराने आपटतो.

आर्मच्या त्या भागावर आणि अस्तरावर खडू लावा, मोकळ्या जागेत गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एखाद्या उंचवट्यावरून हळू न्या आणि खडू कुठे पुसला गेला ते येथे लिहा. त्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला हा अंदाजच राहील.

रानवाट

माझ्या इसुझू व्ही-क्रॉसला मी स्टडवाले ३० मिलिमीटरचे स्पेसर चारही चाकांना लावले आहेत. गाडीची रुंदी वाढल्याने आडव्या उतारावर ती अधिक ठाम वाटते आणि आजवर एकही नट सैल झालेला नाही. लोक या वस्तूला विनाकारण घाबरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या कंपनीचा स्पेसर घ्यावा आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला कसणाऱ्या पान्याने) कसावा, एवढे केले म्हणजे पुरे. ३८ मिलिमीटरचा मात्र घेऊ नका, कारण टायर मडगार्डच्या बाहेर येईल आणि सगळा चिखल दारांवर उडेल.

बारकावे

मी याच्या पूर्ण विरोधात आहे. स्पेसरने व्हील बेअरिंग लवकर जातात, स्टड तुटतात आणि धावत्या गाडीचे चाक निखळते. ज्या वस्तूची उत्पादकाने शिफारस केलेली नाही, ती घाटात माल घेऊन फिरणाऱ्या गाडीला का लावावी?

उद्यमनगर

माझे काम कोल्हापुरात यंत्रकामाचे आहे आणि स्पेसर 'करून द्या' म्हणून येणारी गिऱ्हाइके आम्हाला नवीन नाहीत. म्हणून ही वस्तू बनते कशी, यावर थोडे लिहितो.

चांगला स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या प्रतीच्या ॲल्युमिनियमच्या अखंड गोळ्यातून किंवा फोर्जिंगमधून कातून काढलेला असतो. ६०६१-टी६ ची लवचीकतेची मर्यादा सुमारे २७५ मेगापास्कल असते आणि ७०७५-टी६ ची सुमारे ५०० मेगापास्कल. बाजारात ओतीव ॲल्युमिनियमचे स्पेसरही मिळतात. त्यांच्या आत हवेची पोकळी राहू शकते, ती वरून दिसत नाही, आणि तडा जायचा तो तिथूनच जातो. वस्तूवर प्रतीचा उल्लेख नसेल आणि विक्रेत्यालाही तो सांगता येत नसेल, तर ती वस्तू घेऊ नये.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. हायलक्सच्या हबचा व्यास १०६.१ मिलिमीटर आहे आणि सहा स्टडचे वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचे. स्पेसरचे भोक हबवर अलगद पण खेळ न राहता बसले पाहिजे, आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडाला तेवढ्याच व्यासाची कडा असली पाहिजे, म्हणजे चाकही तिच्यावर तसेच मध्यावर बसते. यालाच हब-सेंट्रिक म्हणतात. अनेक पिकअप गाड्यांना सहा स्टडचे हेच १३९.७ चे वर्तुळ असल्याने 'सगळ्यांना चालेल' असे सांगून मोठ्या भोकाचे स्पेसर विकले जातात. ते केवळ नटांच्या आधारावर मध्यावर येतात, आणि नट कसताना थोडी जरी हयगय झाली तरी चाक केंद्रापासून सरकून बसते. मग ताशी ८०-९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालवत राहतो.

तिसरी गोष्ट दोन्ही तोंडांच्या समांतरतेची. साध्या लेथवर दोन वेळा पकडून कातलेल्या तुकड्यात ही समांतरता राखणे कौशल्याचे काम आहे. आम्ही गाडीचा स्पेसर सुट्या कामात करून देत नाही, कारण त्या तुकड्याची चाचणी घेण्याची सोय आमच्याकडे नाही, आणि चाचणी न घेतलेला भाग कोणाच्या चाकाखाली जावा हे मला मान्य नाही.

बलरेषा

'बारकावे' यांच्या शंकेत तथ्य आहे, पण तिचे दोन भाग वेगळे करून पाहायला हवेत.

बेअरिंगचा भाग आधी घेऊ. पुढच्या एका चाकावर ६०० किलो भार धरला आणि चाक २५ मिलिमीटर बाहेर सरकले, तर सरळ रस्त्यावर वाकवणारा वाढीव आघूर्ण (फिरवणारा जोर) सुमारे १४७ न्यूटन-मीटर येतो. त्याच चाकावर वळणात भाराच्या निम्म्याइतके आडवे बळ आले, तर ०.४ मीटर त्रिज्येच्या टायरमुळे आघूर्ण साडेअकराशे न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. म्हणजे बेअरिंग असे धक्के एरवीही सोसतच असते. मात्र वळण क्षणभराचे असते आणि स्पेसरचा वाढीव भार प्रत्येक किलोमीटरला असतो, म्हणून आयुष्य काही प्रमाणात घटणार हे निश्चित. आणखी एक गोष्ट बहुतेक चर्चांमध्ये सुटते. ३० ऑफसेटच्या चाकाखाली २५ चा स्पेसर घातला किंवा थेट ५ ऑफसेटचे नवे चाक आणले, तरी बेअरिंगच्या दृष्टीने दोन्ही सारखेच आहे. कमी ऑफसेटच्या चाकांची वाहवा करायची आणि बेअरिंगचा दोष तेवढा स्पेसरला द्यायचा, हे तर्काला धरून नाही.

खरा फरक सांध्यांच्या संख्येत आहे. स्पेसरमुळे एकाऐवजी दोन सांधे होतात आणि आतला सांधा चाक काढल्याशिवाय दिसत नाही. चाक हबला धरून राहते ते तोंडांमधल्या घर्षणामुळे, आणि ते घर्षण स्टडच्या ताणातून येते. हायलक्सचे स्टड एम १२ × १.५ (व्यास १२ मिलिमीटर, आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर) आहेत. असा स्टड ११३ न्यूटन-मीटरला कोरड्या आट्यांवर कसला, तर त्यात ढोबळमानाने ४७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेपाच टनांच्या आसपास ओढ निर्माण होते. सहा स्टड मिळून ही पकड सुमारे २८ टनांची होते. ती पकड आहे तोवर स्टडवर कातरणारे बळ जवळजवळ येतच नाही. ती सैल झाली की चाक किंचित सरकू लागते, स्टड पुढेमागे वाकतो आणि थकून तुटतो. 'स्पेसरने स्टड तुटतात' या म्हणण्यामागची साखळी ही आहे, आणि तिची सुरुवात बहुतेक वेळा गंजलेल्या किंवा रंगाचा जाड थर असलेल्या तोंडावर स्पेसर तसाच कसण्यातून होते. गंज आणि रंग हळूहळू दबतात, आणि त्यांच्या जागेइतका ताण स्टडमधून निघून जातो.

आता ५ मिलिमीटरच्या चकतीबद्दल. तिला स्वतःचे स्टड नसतात, त्यामुळे मूळ स्टडचे ५ मिलिमीटर तिच्यातच खर्च होतात. नट किमान स्टडच्या व्यासाइतका, म्हणजे येथे १२ मिलिमीटर, आट्यांत गेला पाहिजे. १.५ मिलिमीटरच्या आट्याला हे आठ पूर्ण फेरे होतात. चकती घालून नट हाताने फिरवा आणि फेरे मोजा. आठ भरत नसतील, तर स्टड बदलून लांब घालावे लागतील, नाहीतर तो पर्याय सोडून द्यावा लागेल.

दक्षिणायन

मी मेलबर्नला राहतो. येथे हायलक्स हे अत्यंत लोकप्रिय वाहन आहे, पण वाहनांतील फेरफारांसाठीच्या व्हीएसबी १४ या ऑस्ट्रेलियातील संहितेनुसार उत्पादकाने मुळात दिलेला नसेल तर चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर घालता येत नाही. त्यामुळे येथे लोक ठरावीक मर्यादेत कमी ऑफसेटची चाके घेतात, आणि टायर मडगार्डच्या बाहेर डोकावणार नाही हेही पाहावे लागते. 'बलरेषा' म्हणतात त्याप्रमाणे बेअरिंगवरचा परिणाम तोच असला, तरी सांधा एकच राहतो आणि टायरच्या दुकानातला कोणताही माणूस तो नेहमीसारखा तपासू शकतो. मला हा फरक मोठा वाटतो.

नोंदपुस्तक

भारतातील कायद्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेले भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्पेसरसाठी रस्त्यावर कोणी अडवो वा न अडवो, अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक चाकाजवळ वाकून पाहतो आणि तेथे मालकाची बाजू दुबळी पडते. विमा कंपनीला बदल लेखी कळवून तिचे लेखी उत्तर घेतल्याशिवाय यात पडू नये.

रानवाट

कायद्याची बाजू मान्य आहे. पण मग जास्त रुंदीचे टायर, लोखंडी बंपर, उंच केलेले सस्पेंशन, या सगळ्यांनाच तोच नियम लावावा लागेल. एकट्या स्पेसरला वेगळे काढून धोकादायक ठरवणे मला पटत नाही. कच्च्या रस्त्यांच्या मोहिमांत स्पेसर लावून वर्षानुवर्षे गाड्या चालतात.

बारकावे

त्या मोहिमांतल्या गाड्या दर मुक्कामी तपासल्या जातात. शेतमाल वाहणारी गाडी कोण दर आठवड्याला तपासतो? प्रश्न वस्तूचा असला तरी तिची देखभाल कोणाच्या हातात आहे, हेही त्याच प्रश्नाचा भाग आहे. 'बलरेषा' यांचे बेअरिंगचे गणित मला पटले, मात्र दुसऱ्या सांध्याबद्दलचे त्यांचे विवेचन माझ्याच भीतीला आधार देते.

डेन्व्हरकर

माझ्याकडे तिसऱ्या पिढीची टॅकोमा, म्हणजे टोयोटाचीच पिकअप, आहे. तिचे स्टड, हबचा व्यास आणि सहा स्टडचे वर्तुळ हायलक्ससारखेच असल्याने येथील दोन अनुभव उपयोगी पडतील.

पहिला मूळ स्टडच्या लांबीचा. २५ मिलिमीटरचा स्पेसर बसवल्यावर मूळ स्टडची टोके त्याच्या तोंडाच्या बाहेर थोडी डोकावू शकतात. अलॉय चाकाच्या पाठीमागे, नटांच्या भोकांच्या मधल्या जागेत खाचा असतील तर ती टोके त्यांत सामावतात. साध्या पोलादी चाकाची पाठ सपाट असते, तेथे चाक स्पेसरला न टेकता स्टडच्या टोकांवर टेकते, आणि वरून नट मात्र घट्ट बसल्यासारखा वाटतो. हे अतिशय घातक आहे. म्हणूनच येथे सव्वा इंची, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटरचे स्पेसर अधिक वापरले जातात. घाटवाट, तुमची स्टेपनी पोलादी चाकावर असेल तर तीही स्पेसरवर बसवून पाहा, कारण पंक्चर झाल्यावर तीच लावावी लागणार आहे.

दुसरा अनुभव नटांच्या बैठकीचा. टोयोटाच्या अनेक अलॉय चाकांना सपाट बैठकीचे, वॉशर असलेले नट लागतात, तर पोलादी चाकांना आणि बाहेरून घेतलेल्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराचे. स्पेसरबरोबर आतल्या बाजूसाठी येणारे नट शंकूचे असतात. ते फक्त आतच वापरायचे, आणि चाकाला त्याच्या बैठकीचेच नट लावायचे. अदलाबदल झाली तर नट एका बारीक रेषेवर टेकतो आणि कितीही कसला तरी टिकत नाही.

मालवणी वारा

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक भर. लोखंडी हब, ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि खारे दमट वारे एकत्र आले की दोन्ही धातू एकमेकांना अक्षरशः चिकटतात. आमच्या भागात स्पेसर काढताना हातोडी चालवावी लागल्याचे मी पाहिले आहे. हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावे आणि हबच्या गोल कडेवर ॲन्टी-सीझ या धातू चिकटू न देणाऱ्या लेपाचा अगदी पातळ हात फिरवावा. स्टडच्या आट्यांना मात्र काही लावू नये. तेल लागलेला नट त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ओढतो.

बलरेषा

मालवणी वारा यांच्या शेवटच्या वाक्याला आकडा जोडतो. आट्यांचे घर्षण घटले तर ११३ न्यूटन-मीटरला स्टडमधली ओढ ४७ वरून ६० किलोन्यूटनच्याही पुढे जाऊ शकते. १०.९ प्रतीच्या एम १२ स्टडची सुरक्षित मर्यादा ७३ च्या आसपास आहे. त्यातच इम्पॅक्ट गनने अंदाजे कसले, तर ती मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

कांदेनवमी

माझी गाडी मालवाहू पिकअप आहे आणि कांद्याच्या दिवसांत ती पूर्ण भरलेली असते. मागच्या चाकांना स्पेसर लावले तर गाडी कमी डोलेल असे चालकाचे म्हणणे आहे. लावावेत का?

उद्यमनगर

लावू नयेत, हे माझे निःसंदिग्ध उत्तर आहे. पूर्ण भारावर मागच्या ॲक्सलवर जे वजन येते, त्याचे सगळे धक्के त्या जास्तीच्या सांध्यावर येतील. डोलणे पाट्यांच्या स्प्रिंगमुळे, त्यांच्या बुशमुळे किंवा निकामी शॉक ॲब्सॉर्बरमुळे आहे का, ते आधी पाहा, आणि भार मंजूर मर्यादेत आहे ना, हेही पाहा. कांदा हौद्याच्या वर किती रचला जातो, यावरच डोलणे पुष्कळसे अवलंबून असते.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. मापाड्या यांनी सांगितल्याप्रमाणे खडू लावून पाहिले. वरच्या कंट्रोल आर्मवरचा खडू जसाच्या तसा राहिला. तेथे टायर आणि आर्म यांच्यात सहा-सात मिलिमीटर फट आहे. खडू पुसला गेला तो दोन्ही बाजूंच्या अस्तरावर, चाकाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात. म्हणजे घासणे त्रिज्येमुळे आहे असे समजायचे का? तसे असेल तर टायरवाल्याच्या तिन्ही पर्यायांनी ते वाढलेच असते. स्टेपनी पाहिली, ती पोलादी चाकावर आहे आणि तिची पाठ सपाट आहे.

मापाड्या

होय, तसेच समजायचे. आता स्पेसरचा विषय तुमच्यापुरता मागे पडतो. कमी ऑफसेटची चाके घेण्याचाही विचार करू नका, कारण त्यांनीही टायर बाहेर जाऊन त्याच कोपऱ्यात आपटेल.

दोन मार्ग उरतात. अस्तर तेथे क्लिपांवर असते. ते गरम हवेने थोडे मऊ करून मागे दाबून बसवता येते आणि काही मिलिमीटर जागा मिळते, पण मागचा धातूचा भाग कापण्याच्या फंदात पडू नये. दुसरा मार्ग टायर बदलण्याचा. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिलिमीटर येतो, म्हणजे उंची तुमच्या आताच्या टायरइतकीच, आणि रुंदी मूळची. त्रिज्या तीच असली तरी टायरचा बाहेरचा खांदा १० मिलिमीटर आत येतो, आणि त्या कोपऱ्यात लागतो तो बाहेरचाच खांदा. चिखलासाठी तर रुंदीपेक्षा नक्षीची खोली अधिक कामाची असते. दोन्ही मापांत स्पीडोमीटर मूळ टायरच्या मानाने साधारण तीन टक्के कमी दाखवेल, हे लक्षात ठेवावे. नोंदपुस्तक यांनी सांगितलेला कायद्याचा मुद्दा मूळ मापापेक्षा वेगळ्या टायरलाही विचारात घ्यावा लागेल, म्हणून मूळ २६५/६५ वर परतणे हा सर्वांत निर्वेध पर्याय आहे.

रानवाट

टायर नवे आहेत, तर आधी अस्तर दाबून पाहण्याचा मार्ग घ्यावा, असे मीही म्हणेन. या गाडीला स्पेसरची गरज नाही हे मला मान्य आहे. माझ्या गाडीवर ते का चालले याचेही कारण आता ध्यानात येते. तिचे पुढचे सस्पेंशन उंच केलेले आहे आणि टायर मूळ मापाचे आहेत, त्यामुळे चाकाच्या मागे भरपूर जागा आहे.

दूरवस्ती

माझ्या गाडीला स्पेसर आधीपासून लावलेले आहेत आणि गाडी मी तशीच विकत घेतली. ते काढून ठेवावेत की तपासून वापरावेत?

उद्यमनगर

आधी चारही काढा, कारण आतला सांधा कोणी कसा कसला होता हे तुम्हाला माहीत नाही. चाक काढल्यावर आतले नट दिसतील, त्यांना बारीक भिंतीचा सॉकेट लागतो. हबच्या स्टडवर कारखान्यात लावलेल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा राहून गेल्या आहेत का ते पाहा, कारण त्या राहिल्या तर स्पेसर सपाट बसत नाही. नटांच्या बैठकीभोवती केसासारखा तडा, स्टडच्या बुडाशी तांबूस भुकटी, भोकाला आलेला लंबगोलपणा, यांपैकी काहीही आढळले तर तो तुकडा भंगारात टाका आणि त्या हबचे स्टडही बदला. तांबूस भुकटी म्हणजे सांधा आत हलत होता.

सगळे निर्दोष असेल आणि तरीही वापरायचे असतील, तर हब घासून स्वच्छ करा, स्पेसर हाताने बसवून तो सर्व बाजूंनी टेकतो ना ते पाहा, आतले नट समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने कसा, मग चाक चढवून तोच क्रम पुन्हा करा. शे-सव्वाशे किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट पुन्हा तपासा. बाहेरचे नट तपासून आतल्यांची खात्री होत नाही. पंक्चर काढणाऱ्याने चाक खोलले, तर त्या वेळीही आतल्या नटांवर रेंच लावून घ्या आणि बाहेरचे नट त्याच्या गनने पूर्ण कसू देऊ नका.

दूरवस्ती

चार दिवसांत काढून पाहतो आणि जे आढळेल ते छायाचित्रांसह येथेच लिहितो. स्पेसरवर कोणत्याही प्रतीचा ठसा बाहेरून तरी दिसत नाही.

उद्यमनगर

ठसा आतल्या तोंडावरही असू शकतो. तेथेही नसेल, तर छायाचित्रांची वाट न पाहता मूळ नटांवर चाके थेट हबला लावून गाडी चालवा.